पाखाडीवर थांबलेली पालखी

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. बायकोला झाला. तिने फोनवर ऐकल्याबरोबर देवापुढे साखर ठेवली; तिला मी नुसता थकवा म्हणून तपासण्या केल्यात एवढंच सांगितलं होतं. मी मात्र लॅबचा लिफाफा हातात धरून अलिबागच्या एस. टी. स्टँडवर बराच वेळ बसून राहिलो. रक्त ठीक, थायरॉइड ठीक, संधिवाताची तपासणी ठीक, मानेचा एक्स-रे वयाला शोभेल असा. आणि अंग असं ठणकत होतं की लिफाफ्याची कडसुद्धा बोटांना टोचत होती. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. सत्तावीस वर्षं लोकांना "आधी कागद आणा, मग बोलू" असं सांगत आलो. आता माझ्याच दुखण्याला कागद नव्हता. मग ते खरं कसं मानायचं, हा प्रश्न इतरांना पडायच्या आधी मलाच पडला.

दुखणं सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. आधी मान आणि खांदे, मग कंबर, मग मांड्या. शेवटी कुठे दुखत नाही ते सांगणं सोपं, अशी अवस्था आली. सकाळी उठलो की कोणी तरी झोडपून काढल्यासारखं वाटायचं. झोप लागायची, पण झोपल्याचं समाधान नसायचं. शर्टाची बटणं लावताना बोटं थकायची, पांघरुणाचं ओझं व्हायचं. त्याहून वाईट हाल डोक्याचे. रोज ज्यांच्या फायली हाताळतो त्या माणसांची नावं ऐन वेळी आठवायची नाहीत. समोरचा बोलत असायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे नुसता बघत बसायचो. खुर्चीतून उठताना तोंडून "आई गं" निघायचं, म्हणून कचेरीत मला 'आईगं साहेब' म्हणायला लागले होते. मीही हसायचो. हसण्यावारी नेलं की पुढचे प्रश्न टळतात.

आमचं घराणं देवाधर्माचं. मी रोज दिवा लावतो, मंगळवार पाळतो. पण त्या दोन वर्षांत मी आमच्या ग्रामदेवतेकडे, आई वाघजाईकडे, "मला बरं कर" असं एकदाही मागितलं नाही. लोकांना वाटेल ही मोठी निरिच्छ वृत्ती. तसं काही नव्हतं, ती भीती होती. जे कोणाला दिसत नाही ते तिच्यापुढे नेलं आणि तिथेही काही उमटलं नाही, तर? माणसांचा विश्वास बसला नाही तर चालून जातं. तिचाही बसला नाही तर मग मी खोटाच ठरलो. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा माझा हिशेब होता. दिवा मी लावत होतो, पण हात जोडताना तिच्याकडे बघत नव्हतो.

शेवटी अलिबागमधल्याच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. वय फार नसेल, पण ऐकून घेण्याची सवय होती. त्यांनी अंगावर ठिकठिकाणी अंगठा दाबून पाहिला, झोपेचं विचारलं, पोटाचं विचारलं, विसरण्याचं विचारलं. सकाळी आठला आणि दुपारी चारला असं दोनदा रक्त घ्यायला लावलं. मग म्हणाल्या, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात." मी खिशातून पेन काढून ते नाव लिहून घेतलं, तर त्या हसल्या. दोनदा घेतलेलं रक्त कॉर्टिसोलसाठी होतं. ताण आला की शरीर जे हार्मोन सोडतं त्यांपैकी हे मुख्य. "तुम्ही समुद्राकाठी राहता, तुम्हाला भरती-ओहोटी समजते," त्या म्हणाल्या. "या हार्मोनला पहाटे भरती येते, म्हणून माणूस ताजातवाना उठतो. संध्याकाळकडे ओहोटी लागते, म्हणून झोप येते. तुमच्याकडे सकाळी पाणी पुरेसं चढत नाही आणि दुपारी पुरेसं उतरतही नाही."

मी लगेच विचारलं, "म्हणजे हा पुरावा झाला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आकडे मर्यादेच्या आतच आहेत. काही रुग्णांत ही लय बिघडलेली दिसते, काहींत अजिबात नाही. ताणामुळे दुखतं की दुखण्यामुळे ताण येतो, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोघं एकमेकांचा हात धरून चालतात एवढं खरं. आजार मी तुमच्या रक्तावरून नाही ओळखला, तुमच्या सांगण्यावरून ओळखला. दुखणं खरं आहे. नसा आणि मेंदू वेदनेचा निरोप वाढवून देतायत, बस्स." मग त्यांनी झोपेच्या वेळा, रोज थोडं थोडं वाढवत चालणं आणि रात्रीची एक लहानशी गोळी लिहून दिली. कागद पुढे सरकवताना सहज विचारावं तसं विचारलं, "घरी, गावी, ऑफिसात कोणाकोणाला माहीत आहे हे?" मी म्हटलं, "सगळ्यांना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लपवायलाही शरीराला राबावं लागतं हो. ते काम आधी कमी करा."

मी मान डोलावली आणि काहीच कमी केलं नाही. कारण फाल्गुन तोंडावर आला होता.

माझं गाव म्हसळ्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. भाताची खाचरं, काजूची कलमं, दोन आळ्या आणि त्यांना जोडणारी जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी. शिमग्यात आई वाघजाईची पालखी देवळातून निघते, सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर बसते आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून उठून घरोघर जाते. पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, वडील गेल्यापासून अकरा वर्षं मी देत होतो. नियम असा की सहाणेवरून उठल्यापासून पाखाडी चढून वरच्या आळीतल्या पहिल्या घरापर्यंत चारही खांदे बदलायचे नाहीत. पुढे मग कोणीही खांदा द्यावा, पोरंटोरं नाचवतात, गुलाल उधळतात; आमच्या दारी येताना तेवढा तो खांदा पुन्हा मानकरी घेतो. पण ती पहिली चढण मानाची. ज्याला जमत नाही त्याच्या घरातून मान जातो आणि भावकीत दुसऱ्याकडे वळतो. आमच्या भावकीत दुसरा म्हणजे दत्ताराम, माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. शेती करतो, अंगाने दणकट. आमचं भांडण नव्हतं, पण दर शिमग्याला तो माझ्या खांद्याकडे बघतो असं मला वाटायचं. आता कळतं की तो बघत होताच.

आदल्या वर्षी मी वेदनाशामक गोळ्या गिळून चढण पार केली होती आणि नंतर आठ दिवस अलिबागच्या खोलीत पडून होतो. कचेरीत 'व्हायरल' असं कळवलं. या वर्षी परिस्थिती त्याहून वाईट होती, तरी मी हट्टाला पेटलो. गॅसचा रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन मी खोलीत फेऱ्या मारायला लागलो. तिसऱ्या दिवशी बायको भाजी घेऊन अचानक परतली आणि दारातच उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेला नवरा बनियनवर, घामाघूम, खांद्यावर सिलिंडर. दुसरी एखादी हसून लोळली असती. ती म्हणाली, "या वर्षी दत्तारामभावोजींना सांगा ना." मी तिच्यावर असा खेकसलो की शेजारची खिडकी उघडली. तिला मी आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी कचेरीतल्या खणात ठेवत होतो. ती भाजी निवडायला बसली, आणि मला माझी लाज वाटली, पण ती सांगायला जी ताकद लागते ती नव्हती.

आमच्याकडे एक समजूत आहे. चालता चालता पालखी थांबली, उचलून उचलेना, तर आई जड झाली असं म्हणतात. कोणाच्या तरी मनात काहीतरी दडलेलं आहे आणि ते बाहेर आल्याशिवाय ती पुढे जायची नाही. मग गुरव गाऱ्हाणं घालतो आणि जमलेल्यांपैकी ज्याच्या मनाला जे डाचत असेल ते त्याने सगळ्यांसमोर बोलायचं. त्यावर नंतर कोणी भांडायचं नाही, टोमणाही मारायचा नाही. मी लहान असताना एकदा असं झालं होतं म्हणतात. मला ते नुसतं ऐकून ठाऊक.

त्या सकाळी ढोल-सनईचा खालूबाजा वाजत होता, आंब्याचा मोहोर करपायला लागावा असं ऊन होतं आणि सहाणेभोवती सगळं गाव होतं. दत्ताराम पालखीच्या बाजूने अबदागिरी, म्हणजे देवीची मानाची उंच छत्री, धरून चालत होता. गुरवकाकांनी आरोळी दिली, आम्ही चौघांनी दांडा खांद्यावर घेतला आणि निघालो. सपाटीवर बरं चाललं. पाखाडीच्या पहिल्या पाच-सहा पायऱ्याही झाल्या. मग उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत आणि कमरेपासून टाचेपर्यंत सगळं एकदम आवळलं. पुढची पायरी डोळ्यांना दिसत होती, पाऊल उचल म्हणून मी पायाला सांगत होतो आणि पाय ऐकत नव्हता. मी थांबलो, म्हणून बाकीचे तिघे थांबले. क्षणभर पालखी हेलकावली. आमच्या प्रत्येकाच्या हातात बेचक्याची काठी असते. थांबायचं झालं तर दांडा तिच्यावर टेकवतात. तो टेकवला. मी दांड्याला धरून उभा राहिलो, कारण सोडला असता तर पडलोच असतो.

वाजंत्री एकेक करत गप्प झाली. गुरवकाका पुढे आले. सत्तरी उलटलेला वाळका माणूस, पण आवाज असा की वरच्या आळीत ऐकू जावा. त्यांनी दांड्याला हात लावला, आम्हाला उचलायची खूण केली. तीन कोपरे वर गेले, माझा कोपरा जागच्या जागी. परत खूण केली, परत तेच. काकांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"आई जड झाली," ते म्हणाले.

सगळ्या पाखाडीवर ते पसरत गेलं. आई जड झाली, आई जड झाली. बायका पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या. माझी बायको सहाणेपाशी, खूप खाली होती. मला ओरडून सांगायचं होतं की असं काही नाही, माझं अंग धरलंय. पण तोंड उघडेना. खरं सांगायचं तर उघडावंसं वाटलं नाही. मनात आलं, बरंच झालं. आईच्या नावावर खपून जाईल. दोन मिनिटांत आवळलेलं सुटलं की चालायला लागू, मानही राहील. हे लिहायला मला आवडत नाही, पण तेव्हा मी असाच विचार केला.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाय, ही समदी तुझीच लेकरा हायत. काय चुकला-माकला आसंल ता पदरात घे. कोनाच्या मनात काय डाचत आसंल तर बोला रं. आई पुढं जाईत न्हाय."

मग गर्दीतून म्हादूआजा पुढे आले, काठी टेकत. "देवराईतला एक वासा नेला मी, गोठ्याला," ते म्हणाले. "पडलेलाच व्हता. तरी पन नेला." काकांनी खूण केली. तीन कोपरे वर, माझा खाली. मग खालच्या आळीतली एक बाई म्हणाली, "मी पाडव्यापास्नं जावेशी बोलत न्हाय." मागून तिच्या जावेचा आवाज आला, "ता गावाला ठाव हाय, का बोलत न्हायस ता सांग!" एवढ्या गंभीर वेळीही लोक फिसकन हसले. त्या दोघींनी तिथेच एकमेकींचे हात धरले. परत खूण झाली. माझा कोपरा हलला नाही. आता लोक खरोखर घाबरले होते. ऊन वाढत होतं, आणि इतकं ऐकूनही आई हलत नाही म्हणजे कोणाच्या तरी मनात फार मोठं काहीतरी असणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेवढ्यात दत्तारामने अबदागिरी शेजाऱ्याच्या हातात दिली आणि तो पालखीपुढे येऊन गुडघ्यांवर बसला.

"मीच मागितला आईकडं," तो म्हणाला. "ह्या वर्षी दादाचा खांदा सुटू दे, आन् आमच्या घरात येऊ दे. सहाणेवर डोका ठेवून मागितला. घरात बी कोनाला बोललो न्हाय." आणि तो दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर मारून घ्यायला लागला. एवढा दणकट माणूस, मोठ्याने रडत होता.

एरवी मी हे ऐकलं असतं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं असतं. माझा संशय खरा निघाला असता. मला हवा तसा पुरावा मिळाला असता. पण त्या वेळी मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या अंगातल्या दुखण्यासाठी माझा भाऊ स्वतःला मारून घेतोय. दोन वर्षं मी जे धरून ठेवलं होतं ते मग मला धरवेना. मी ते सोडलं असंही नाही म्हणता येणार, ते सुटलं.

"दत्ता, उठ," मी म्हटलं. मी अलिबागला शहरी बोलतो, पण तेव्हा घरचीच बोली तोंडात आली. "आई जड न्हाय झाली. माझा अंग धरलाय. दोन वर्षां झाली, समदा अंग दुखता. डॉक्टर आजार हाय म्हनतात. मी कोनाला सांगितला न्हाय. बायकोला पन न्हाय. गोळ्या खाऊन मागच्या वर्षी चढलो. ह्या वर्षी न्हाय चढवत मला." आणि मग मी पालखीकडे मान वळवून म्हटलं, "आई, न्हाय चढवत."

तिच्याशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा काही बोललो होतो.

ढोलवाल्याची काठी हातातच राहिली होती. मी वाट बघत होतो की आता कोणीतरी म्हणेल, नाटकं करतो, एवढा धडधाकट दिसतो. गुरवकाका माझ्याजवळ आले, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "दोन वर्षां? आन् बोलतोस कुठं, तर पाखाडीवर. मघाशी वासा निघाला तवा बोलायला काय झाला व्हता तुला?" लोक हसले, आणि मलाही रडता रडता हसू आलं.

मी म्हटलं, "काका, खांदा दत्ताला द्या."

"खांदा बदलायचा न्हाय पहिल्या घरापतुर," काका म्हणाले. "हात काढू नको दांड्यावरचा. तुझा आजा शेवटली चार वर्षां नुसता हात लावून चालला, आन् वजन तुझ्या चुलत आजानं घेतला. तू जन्मला न्हवतास. मी व्हतो. दत्ताराम, ये दांड्याखाली."

हे आमच्या घरात मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांना ठाऊक असणारच; त्यांनी ते का सांगितलं नाही, हे मी समजू शकतो, कारण मीही त्यांचाच मुलगा. आमच्या कचेरीत ज्याला पूर्वीचा दाखला म्हणतात तो त्या म्हाताऱ्याने भर उन्हात माझ्यापुढे ठेवला होता. दत्ताराम डोळे पुसत दांड्याखाली शिरला. मी बाजूला सरकून दांड्यावर तळहात ठेवला. काकांनी आरोळी दिली आणि चारही कोपरे एकदम उचलले गेले. "हलली! हलली!" असा एकच गलका झाला, खालूबाजा सुरू झाला, गुलाल उडाला. वजन गेल्यावर पायांतलं आवळलेलं हळूहळू सुटलं. मी दत्तारामच्या शेजारून एकेक पायरी चढत पहिल्या घरापर्यंत गेलो.

दुपारी बायकोशी बोललो. तिला तोवर दहा जणींनी सांगून झालं होतं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "रात्री हात लागला तरी तुम्ही अंग चोरून घ्यायचात. मला वाटायचं मी नकोशी झाले." कोणी अंगाला हात लावला की दुखायचं म्हणून मी सरकत होतो, आणि ही बाई दोन वर्षं हे मनात घेऊन माझे डबे भरत होती. त्या दिवशी मी जितका रडलो तितका वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो.

पुढचे दोन दिवस पालखी घरोघर फिरत असताना तीन बायका एकेकट्या मला गाठून बोलल्या. एकीचं अंग पाच वर्षं ठणकतं आहे, डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात कामचुकार. मी तिला डॉक्टरबाईंचं भरती-ओहोटीचं सांगितलं. ती खालच्या पायरीवर बसून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजी मी खोटी न्हाय." एवढंच विचारायला ती आली होती. पुढे त्या तिघींना मी अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. एकीला हा आजारच नव्हता, तिचं निदान वेगळं निघालं आणि औषधाने ती बरी झाली. बाकी दोघी माझ्याच गोत्रातल्या निघाल्या.

पालखी का थांबली, यावर गावात आजही एकमत नाही. मी सर्वांसमोर सांगूनही, आई जड झालीच नव्हती हे कोणी मानायला तयार नाही. काहींच्या मते ती मला बोलतं करायला थांबली, काहींच्या मते दत्तारामला. म्हादूआजांना खात्री आहे की वाशामुळेच; त्यांनी देवराईत दोन झाडं लावली. मी कोणाशी वाद घालत नाही. माझे स्नायू आखडले होते हे मला ठाऊक आहे, आणि त्याची कारणं डॉक्टरांनी मला सांगितली आहेत. ते त्याच पायरीवर का आखडले, हे त्यांनी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पालखीवर काही मत दिलं नाही, पण झोप कशी आहे ते विचारलं. झोप सुधारत होती. मी पुन्हा कॉर्टिसोल तपासू या म्हटलं, आता आकडे बदलले असतील. त्या हसून म्हणाल्या, "कशाला? कागद हवाय?" मग मीही नाद सोडला. आता रोज सकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर चालतो. दहा मिनिटांपासून सुरू केलं होतं, आज चाळीस होतात. दुखणं गेलेलं नाही. काही दिवस अगदी वाईट जातात. फरक इतकाच की त्या दिवशी मी कचेरीत सांगतो, आज माझं अंग दुखतंय, उद्या करतो. गंमत म्हणजे लोक "बरं" म्हणतात. आणि संध्याकाळी दिव्यापाशी तिलाही सांगतो. बरं कर म्हणत नाही, पण आता न मागण्यामागे भीती नाही. जे आहे ते तिच्यापुढे ठेवतो आणि उठतो. समर्पण या शब्दाचा मला एवढाच अर्थ कळला आहे.

या वर्षी शिमग्याआधी गावकी बसली तेव्हा मी उभा राहून सांगितलं की आमच्या घराचा खांदा मी आईला परत करतोय. दत्ताराम ताडकन उठला. "मागून घेतलेला मान मला नको," म्हणाला. मी म्हटलं, "तुला कुठे देतोय? तिला देतोय. ती कोणाला देते ते तिचं ती बघेल." गुरवकाकांनी मानाचा नारळ दत्तारामच्या हातात ठेवला. मला वाटलं होतं छातीत कळ येईल. नाही आली. नुसतं हलकं वाटलं.

आमच्या घरी पालखी यायची ती तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास. बायकोने अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट तयार केलं. मला काही काम नव्हतं. मी आंघोळ करून, धोतर नेसून, तिच्या शेजारी उंबऱ्यात उभा राहिलो. खालूबाजा जवळ आला. मग पाखाडीच्या वळणावर आधी गुलाल दिसला, मग अबदागिरी, मग ती. चांदीचा मुखवटा उन्हात लखलखत होता, आणि तोंड आमच्या दाराकडे. दांड्याखाली दत्ताराम पायरीकडे नजर लावून, जपून पाऊल टाकत होता. त्याला ती दिसत नव्हती. मलाही कधी दिसली नव्हती. माझी नजरही दर वर्षी अशीच पायरीवर असायची. बायकोने माझा हात धरला. दुखला, पण मी सोडवून घेतला नाही. अकरा वर्षं मी आईला माझ्या घरी घेऊन आलो होतो. ती आपणहून येते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.